शेवटून वाच

कुवेतच्या खैतानमधल्या त्या चार मजली इमारतीत ताहिराला ओळखत नाही असा माणूस मुद्दाम शोधावा लागेल. दुपार कलल्यावरची असरची नमाज झाली की तिसऱ्या मजल्यावर तिच्या दाराबाहेर चिमुकल्या चपलांचा ढीग पडतो आणि आत आठ-दहा पोरं कायदा उघडून बसतात. कायदा म्हणजे कुराण वाचायला घेण्याआधीचं अक्षरओळखीचं पातळ पुस्तक. कोकणातल्या हर्णैच्या ह्या बाईने अकरा वर्षांत इथल्या निदान साठ पोरांना त्यातून पार नेलं. दटावून नेलं, रडवून नेलं, आणि रडलं त्याच्या हातावर खजूर ठेवून नेलं.

तिची एक खोड आहे. पोराने ओळ घडाघडा म्हटली की दुसरं कुणी शाबासकी देईल. ही डोळे बारीक करते. "पाठ केलीस होय रे लबाडा? आता शेवटून वाच." मग पोराने ओळीच्या टोकाला बोट ठेवायचं आणि अक्षर आणि त्यावरची स्वराची खूण वेगळी फोडत, बे जबर ब, ते जबर त, असे हिज्जे करत मागे मागे येत सुरुवातीला पोचायचं. पाठ केलेलं उलटं म्हणता येत नाही, वाचलेलं येतं, एवढंच तिचं शास्त्र. ती स्वतः हर्णैला अशीच शिकली. आईबाप कुरकुरतात, दुसरीकडे सहा महिन्यांत कायदा संपतो, तुमच्याकडे वर्ष का लागतं? ती सरळ सांगते, "मग दुसरीकडे पाठवा."

आणि बघा, अशा बाईच्या घरातच दिव्याखाली अंधार!

तिची हिना पहिलीत होती, भारतीय शाळेत. संध्याकाळी आई भाकऱ्या थापत असली की ही पोरगी ओट्याशी उभी राहून इंग्रजीचं पुस्तक वाचायची. बोट फिरतंय, तोंड चालतंय, कुठे अडखळणं नाही. ताहिराची शाळा सातवीपर्यंत, तीही उर्दू. इंग्रजी म्हणजे तिला दुकानांच्या पाट्यांवरची ओळखीची-अनोळखी अक्षरं. हमीद, तिचा नवरा, दिवसभर लोकांचे एसी दुरुस्त करून थकून यायचा, पण लेकीचं वाचन मोबाइलवर घेऊन गावाला पाठवल्याशिवाय जेवायचा नाही. साठ पोरांना शेवटून वाचायला लावणाऱ्या आईने हिनाला मात्र एकदाही तसं म्हटलं नाही. ते शाळेचं काम, आपण कशाला मध्ये तोंड घालायचं!

त्या वर्षी शाळेने नवा नियम काढला. पहिली-दुसरीला रोज अर्धा तास फोनिक्स सक्तीचं. अक्षराचं नाव नाही, अक्षराचा आवाज शिकायचा, आवाजाला आवाज जोडून शब्द वाचायचा. फेब्रुवारीत प्रत्येक मुलाने टीचरसमोर एकट्याने पुस्तकाबाहेरचे वीस शब्द वाचायचे. जमलं नाही तर त्याच वर्गात आणखी एक वर्ष. पालकांच्या ग्रुपवर नुसता कल्ला. हमीद म्हणाला, "आम्ही काय फोनिक्स शिकून कुवेतला आलो? अडलं का कुठे?" ताहिराला काळजी नव्हती. आपली पोरगी अख्खं पुस्तक वाचते, वीस शब्दांचं काय घेऊन बसलात!

डिसेंबरात टीचरने बोलावलं. सुरुची नाव, मूळची पुण्याची, बोलणं गोड पण आडपडदा नाही. तिने हिनापुढे तेच पुस्तक ठेवलं आणि चित्रावर कागद ठेवला. पोरगी कागदाखाली डोकावू लागली. सुरुचीने पुढचं पान उलटलं, त्यावरचंही चित्र झाकलं, तर हिनाने भलत्याच पानावरचा मजकूर घडाघडा म्हणून दाखवला.

"ताहिराताई, हिला वाचता येत नाही. हिला पुस्तक पाठ आहे."

ताहिराच्या पायाखालची वाळूच सरकली. लाज वाटली, आणि लाजेहून मोठी भीती. पोर मंद तर नाही ना माझं? वर्गातली सगळी पुढे जाणार आणि ही बाकावर एकटी मागे राहणार? बाहेर आल्यावर हिना रडवेली होऊन म्हणाली, "बट अम्मी, आय वॉज रीडिंग!" तिचंही खोटं नव्हतं. बोट फिरवत म्हणणं म्हणजेच वाचणं, अशीच तिची समजूत, आणि घरात कुणी ती मोडली नव्हती. आग लागो माझ्या अकलेला, ताहिरा मनात म्हणाली.

घरी हमीद भडकला. शाळाच बदलू म्हणाला. "शाळा बदलून पोरीला वाचता येणार आहे?" एवढंच बोलून ताहिरा उठली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुचीसमोर जाऊन बसली. "ते फोनिक्स काय असतं, मला करून दाखवा."

सुरुचीने फळ्यावर तीन अक्षरं लिहिली. एकेकावर बोट ठेवत म्हणाली, "म्... अ‍ॅ... ट्... मॅट."

ताहिरा बघतच राहिली, मग मोठ्याने हसली. "अगो बाई, हे तर हिज्जे! अकरा वर्षं मी दुसरं काय करत्येय?"

सुरुचीने सगळे आवाज तिच्या मोबाइलवर बोलून दिले. आधी आई शिकली. इंग्रजीला शिव्या घालत शिकली. एकच अक्षर इथे एक बोलतं, तिथे दुसरं बोलतं, ह्याला काय इमान आहे का? मग कायद्याची पोरं घरी गेली की त्याच चटईवर मायलेकी बसू लागल्या. पहिले पंधरा दिवस रडारड. हिना चित्र शोधायची, अंदाज ठोकायची, पुस्तक भिरकावायची. जानेवारीत एके दिवशी तिने चित्र नसलेला शब्द फोडला, जोडला, आणि स्वतःच दचकून आईकडे बघितलं. ताहिराने खजुराचा डबाच पुढे केला. वर म्हणाली, "आता शेवटून."

फेब्रुवारीतला तो दिवस. वर्गाचं दार बंद, बाहेर बाकावर ताहिरा. दुआ पुटपुटते, मध्येच विसरते, पुन्हा पहिल्यापासून. एवढ्या वेळात तर वीस शब्द दोनदा वाचून होतील. अडली वाटतं पोर.

दार उघडून सुरुची बाहेर आली. "वीसच्या वीस!" ती हसत होती. "मी कागद उचलायला गेले तर हिने माझा हातच धरला. वेट टीचर म्हणाली, आणि विसाव्यापासून पहिल्यापर्यंत सगळे पुन्हा वाचले. हे कशाला गं, विचारलं, तर म्हणते, अम्मी असं केल्याशिवाय वाचलं मानत नाही."

ताहिराचा जीव भांड्यात पडला. आणि साठ पोरांना रडवणारी ती बाई शाळेच्या बाकावर बसून ओक्साबोक्शी रडली. हिना घाबरून तिचं तोंड पुसत राहिली.

तेवढ्यात हमीदचा फोन. कुणाच्या तरी गच्चीवर एसी उघडा टाकून उभा होता. "झालं काय गो?"

"झालं," ताहिरा म्हणाली. "शेवटून पण झालं."