ऐतवारनंतरचा वार

आमची आई चौऱ्याऐंशी वर्षं जगली. सोळाव्या वर्षी लग्न झालं, आणि तेव्हापासून पुढची साठएक वर्षं तिनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य एका दिवसानं कमी होतं, असं तिच्या सासूनं देवगाव रंगारीला उंबऱ्यावरच बजावलं होतं. हे कुणी मोजून बघितलं, असं सासूला विचारायची सोय नव्हती. आईनं ऐकलं आणि मनाशी पक्की गाठ मारली.

त्यात आमच्या अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, नावाची पहिली दोन अक्षरं आठवड्यातल्या एका वारात येतात. झालं! तो वारही आमच्या घरातून हद्दपार. आई त्याला ‘ऐतवारनंतरचा वार’ म्हणायची. पहिलीत असताना बाईंनी मला वार म्हणायला उभं केलं. मी ठणठणीत आवाजात सुरुवात केली: ऐतवार, ऐतवारनंतरचा वार, मंगळवार... बाईंना वाटलं, पोरगी टिंगल करतेय. दहा उठाबशा निघाल्या. घरी येऊन मी रडून आकाशपाताळ एक केलं, तर आई पदर तोंडाला लावून इतकी हसली, इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. वर म्हणते कशी, बरोबरच सांगितलं की तू, बाईलाच येत नाय.

लई चिडले होते मी. अजूनही आठवलं की चिडते. पण गंमत बघा, हे लिहितानासुद्धा तो वार काही माझ्याच्यानं लिहवत नाही. रक्तच तसलं, काय करणार!

अण्णांना चिकलठाण्याच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही पुंडलिकनगरात राहायला आलो. दोन खोल्या, चार पोरं, अण्णांच्या पाळ्या. आई सकाळी पाचला उठून ज्वारीच्या बारा भाकरी थापायची, आणि डब्यात एक जास्तीची घालायची, कारण अण्णांच्या शेजारच्या मशीनवाल्याची बायको माहेरी गेलेली असे. ती बायको बारा महिने माहेरीच कशी असते, असं मी एकदा विचारलं. आई म्हणाली, तुला काय करायचंय, भाकरी तर तो खातोय ना!

आता नाव घ्यायचं नाही तर नवऱ्याला बोलवायचं कसं? त्याची तिनं सगळी व्यवस्था लावली होती. उलथनं कढईवर एकदा वाजलं की चहा, दोनदा वाजलं की जेवण, आणि धडाधड वाजलं की पाहुणे आलेत, बनियनवर बाहेर येऊ नका. लांबचा निरोप माझ्यामार्फत. अण्णा दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे, आणि आई मला सांगायची, तुझ्या बापाला म्हणावं पाणी तापलं. अण्णा मला सांगायचे, तुझ्या आईला म्हणावं ऐकलं. ‘अहो’ फक्त आणीबाणीला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बाया तिला दरवर्षी कोंडीत पकडायच्या. आज नाव घेतल्याशिवाय सोडणार नाही म्हणायच्या. आई शांतपणे उखाणा टाकायची:

‘ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी,
नाव मनात घेतलं, आता बायांनो व्हा राजी.’

की पुन्हा सगळ्या हसून लोळायच्या. पुढं माझं लग्न झालं. मी नवऱ्याला सरळ नावानं हाक मारते, तीही दिवसातून पन्नास वेळा. आई कानांवर हात ठेवून म्हणायची, अगं बाई, जगू दे की त्याला!

ही सगळी मजा अण्णांनी ऐंशी ओलांडेपर्यंत चालली. मग अण्णा विसरायला लागले. आधी चष्मा, मग रस्ता, मग आम्ही. उलथनं वाजलं तरी ते जागचे हलेनात. ‘अहो’ म्हटलं तरी खिडकीतून बघत बसायचे. डॉक्टर म्हणाले, नावानं हाक मारा, माणूस स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी विसरतो. आई डॉक्टरला म्हणाली, तुम्हीच मारा.

अण्णा फाटक उघडून कुठंही चालू लागायचे. आईनं फाटकाला साडीची किनार बांधून ठेवली होती. एका दुपारी ती किनार सोडता सोडता मला म्हणाली, “एक दिवस हे असेच निघून जातील, अन् मला हाकबी मारता यायची नाय.”

मी म्हटलं, मग मार की नावानं, कुणी धरलंय तुला! त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि मीही हट्टानं फोन केला नाही. तिला किती भीती वाटतेय, हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं.

पुढच्याच आठवड्यात आम्ही अण्णांना चिकलठाण्याच्या आठवडी बाजाराला घेऊन गेलो. कारखान्यात असल्यापासून त्यांना तो बाजार फार आवडायचा. मी वांगी निवडत होते. आईनं अण्णांची बाही धरली होती. कोथिंबिरीची जुडी हुंगायला तिनं ती सोडली. जुडी खाली ठेवून वळली तर अण्णा नाहीत.

तिनं हाक मारली, अहो, ऐकलं का? निदान पंधरा म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. एकानं तर “काय गं?” असंही विचारलं. दुसरी वेळ असती तर मी हसून खाली बसले असते. पण बाजाराच्या कडेलाच जालना रोड, आणि त्यावर ट्रकांची रांग. कुणी म्हणालं, पांढऱ्या टोपीचा एक म्हातारा रस्त्याकडं गेला. तिथं पांढऱ्या टोपीशिवाय म्हाताराच नव्हता.

एक कांदेवाला भोंगा लावून बसला होता. त्यानं भाव ओरडणारं रेकॉर्डिंग बंद केलं आणि माइक माझ्या हातात दिला. मी अण्णांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव, सगळं स्वच्छ सांगितलं. असाल तिथं थांबा म्हटलं. तीनदा म्हटलं. काही नाही.

कांदेवाला आईला म्हणाला, “अम्मा, आप बुलाओ ना. आपकी आवाज तो पहचानेंगे.”

आईनं माइककडं बघितलं. मग माझ्याकडं.

“एकच दिवस ना?” ती म्हणाली. “गेला तर गेला.”

तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला आणि अण्णांचं नाव घेतलं. मी घेतलं होतं तसं नाही. आडनाव नाही, पूर्ण नावही नाही. अर्धंच, शेवटाला ‘आ’ लावून लांबवलेलं, देवगावला मागच्या दारात उभी राहून माझी आजी, अण्णांची माय, शेताकडं हाक मारायची तसं. आवाजसुद्धा आजीचा. नाव घेतलं म्हणजे अख्ख्या चिकलठाण्याला ऐकू जाईल असं घेतलं!

“आलो माय!”

उसाच्या रसाच्या गाड्यामागून अण्णा निघाले. हातात रसाचा ग्लास, आणि जवळजवळ पळतच. आईला हसू फुटलं. माइक चालूच होता, त्यामुळं तिचं ते खुदुखुदु हसणं सगळ्या बाजारात घुमलं. मेथीवाल्या बाया हसायला लागल्या, कांदेवाला हसायला लागला, आणि मी हसत होते की रडत होते, मला अजून सांगता यायचं नाही. आईवर माझा इतका जीव कधीच जडला नव्हता.

अण्णा येऊन तिच्यासमोर उभे राहिले. इकडं तिकडं बघत म्हणाले, “माय हाक मारत व्हती. कुठंय?”

आईनं माइक परत दिला, पदरानं त्यांच्या मिशीवरचा रसाचा फेस पुसला.

“मीच मारली रं,” ती म्हणाली. “चल घरी. भाकर निवती.”