आधी परतीचं

सगळं जग निघायची तयारी करतं. आमचे भूलवाले फक्त परत यायची करत. लीड्सच्या हॉस्पिटलात ते ऑपरेशनआधी भूल द्यायचे, म्हणून आम्हा मराठी मंडळींत त्यांचं हे नाव पडलं. "झोपवेल कोणीही," ते म्हणत, "मी पेशंट उठणार कसा हे आधी ठरवतो आणि मग झोपवतो." या सवयीमुळे कित्येक माणसं हॉस्पिटलातून धडधाकट घरी गेली. पण हाच नियम त्यांनी संसारालाही लावला, आणि वहिनींचा संसार रिकव्हरी रूममध्ये थाटल्यासारखा झाला.

लेस्टरला लग्नाला गेले की अक्षता पडायच्या आधीच ते यजमानांचा निरोप घेऊन ठेवत, म्हणजे मागाहून गडबड नको. स्कारबराला समुद्रावर गेलो तर गाडी लीड्सकडे तोंड करून उभी राहायची आणि डबे गाडीतच उघडायचे. "स्कारबराचा समुद्र मी आरशात पाहिलाय, छान आहे," असं वहिनी हसत सांगत. इंग्लंडला येतानाही परतीचं आधीच ठरलं होतं: डिप्लोमा हातात पडला की थेट सांगली. त्यामुळे घरात सगळंच तात्पुरतं. पडदे तात्पुरते, सोफा तात्पुरता, आणि कपाटावर पत्र्याची ट्रंक कायम तयारीत. वहिनींना मागच्या अंगणात एखादं फळझाड हवं होतं. "आपण निघून गेल्यावर पाणी कोण घालणार?" असं भूलवाल्यांनी विचारलं की विषय संपला. बारमाही पावसाच्या आमच्या यॉर्कशरमध्ये झाडांना पाणी घालावं लागतं, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलं.

सत्तरच्या दशकात आम्ही दोन जोडप्यांनी इटलीच्या किनाऱ्याची क्रूझ ठरवली, ती वहिनींच्या एका हट्टापायी. लग्नानंतर त्या मुंबईहून एकट्या बोटीने आल्या, तेव्हा बोट नेपल्सला थांबली होती. सगळे उतरले. वहिनींना मात्र नवऱ्याने बजावलं होतं की उतरायचं नाही, बोट सुटेल. दिवसभर कठड्याला टेकून त्या समोरची एक गल्ली बघत राहिल्या. वर चढत गेलेली, दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांत कपडे वाळत घातलेली. "भाऊजी, मला ते पॉम्पे-बिम्पे काही नको," त्या मला म्हणाल्या, "मला एकदा त्या गल्लीत वर जायचंय."

भूलवाल्यांनी हिवाळाभर नेपल्सचा बेत आखला, अर्थातच शेवटाकडून. जहाजाच्या सहलीने जाऊ या, त्यांच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं, असं मी सुचवलं. "म्हणजे दुसऱ्याच्या भरवशावर उठायचं?" ते म्हणाले, "आपलं आपण जायचं." मग परतीच्या वेळेतून त्यांनी एकेक संकट वजा करायला घेतलं. वाहतुकीचा स्ट्राइक. "इथे होतो, तर तिथे का नाही होणार?" वहिनींची साडीतली चाल, तिची तालीम एका रविवारी भर पावसात लीड्स स्टेशनपासून कालव्यापर्यंत झाली, आणि चढ धरलाच नव्हता म्हणून पुन्हा झाली. शेवटी व्हेसुव्हियस जागा झाला तर, म्हणून थोडा वेळ ज्वालामुखीसाठीही राखून ठेवला. एवढं सगळं वजा केल्यावर नेपल्समध्ये उरली फक्त एक कॉफी, तीही बंदराच्या फाटकासमोर, जहाजाचं धुराडं दिसेल अशा टेबलावर.

त्याप्रमाणे आम्ही तिथे बसलो. भूलवाल्यांची खुर्ची जहाजाकडे, वहिनींची गल्लीकडे. गल्ली जिथल्या तिथे होती, कपड्यांसकट. वहिनींनी कॉफी संपवली, पदर खोचला आणि त्या उठल्या.

"मी जरा वर जाऊन येते."

"अगं, तिथून जहाज दिसत नाही."

"नाही दिसलं तर नाही दिसलं," वहिनी शांतपणे म्हणाल्या आणि चालू लागल्या.

भूलवाल्यांनी एकदा धुराड्याकडे पाहिलं, एकदा त्या दूर जाणाऱ्या पाठीकडे. मग हातातली पिशवी माझ्या मांडीवर टाकून ते वहिनींच्या मागे जवळजवळ पळतच गेले. ती दोघं काही लवकर येईनात. बायको समजूत काढत होती, पण जहाजाकडे बघून बघून माझाच जीव अर्धा झाला. अखेर दोघं रमतगमत उतरली. वहिनींच्या हातात पानासकट एक लिंबू, आणि भूलवाल्यांच्या शर्टावर आइस्क्रीम.

"वर एक म्हातारी भेटली," ते म्हणाले. "तिच्या दारात लिंबाचं झाड आहे. नवऱ्याने लावलेलं असावं. भिंतीवरच्या त्याच्या फोटोकडे आणि झाडाकडे आळीपाळीने बोट दाखवत होती." जहाज सुटलं तरी ते कठड्याशी त्या गल्लीकडे बघत उभे होते. सांगलीबद्दल त्या प्रवासात एक शब्द बोलले नाहीत.

त्या शरद ऋतूत मी त्यांच्याकडे गेलो, तर भूलवाले मागच्या अंगणात खड्डा खणत होते. शेजारी प्लमचं काडीएवढं रोप.

"याला फळं कधी येणार?" मी विचारलं.

"येतील सावकाश," ते मान खाली घालूनच म्हणाले. "आपण आहोतच की इथे."

वहिनींसाठी मला आनंदच झाला, पण रुखरुखही लागली. आम्ही बाकीच्यांनी परतीचा विषय केव्हाच सोडून दिला होता. आमच्या सगळ्यांच्या वतीने तो एकच माणूस इतकी वर्षं तयारीत बसला होता. त्यांनी माती दाबून रोप सरळ केलं. भुरभुर पाऊस सुरू झाला होता, तरी वहिनी झारी घेऊन आल्या आणि झाडाला पाणी घालू लागल्या.