मोरूचं सुरीनाम आणि माझी सही

मोरू गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर रागावलेलो होतो, आणि खरं सांगायचं तर अजून पुरता निवळलेलो नाही. सकाळची वेळ. भोपाळच्या शिवाजी नगरात मुलाच्या सरकारी क्वार्टरच्या अंगणात मी पेपर घेऊन बसलो होतो. फोनवर मोरूचं नाव दिसलं. अडीच महिन्यांनी आला का ताळ्यावर, असं मनात म्हणत मी फोन वाजू दिला. दुसऱ्यांदा आला, तोही वाजू दिला... तिसऱ्यांदा उचलला तर पलीकडे त्याची बायको, नलूवहिनी. "भावजी, हे सकाळी उठलेच नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या. ते दोन फोन मी उचलले नाहीत याचं मला वाईट वाटतं, रोज वाटतं. पण माणसाने भांडण अर्धवट टाकून असं परस्पर निघून जावं, ही कुठली रीत?

आम्ही दोघं पन्नासेक वर्षांपूर्वी एकाच दिवशी, एकाच गाडीने भोपाळला उतरलो. तो वर्ध्याचा, मी नागपूरचा, आणि दोघांच्या खिशात बरखेड्याच्या कारखान्याचं नेमणुकीचं पत्र. नोकरी ड्रॉइंग ऑफिसात. मोरू ड्रॉइंग काढायचा आणि मी तपासायचो. हे तपासणं काय असतं ते सांगायला हवं, नाहीतर आमचं भांडण कळायचं नाही. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. तिच्यात काढणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही आणि मग साहेबांची. तपासणाऱ्याने एकेक माप बघायचं, बरोबर असेल तर त्यावरून पिवळी पेन्सिल फिरवायची, चुकीचं असेल तर लाल. सगळा कागद पिवळा झाल्याशिवाय सही करायची नाही. आणि एकदा सही केली की चूक काढणाऱ्याची राहत नाही, तपासणाऱ्याची होते. बत्तीस वर्षं आम्ही याच नियमावरून एकमेकांशी हुज्जत घातली आणि चहा प्यायलो.

निवृत्त झाल्यावर माणसं यात्रेला जातात, नातवंडं सांभाळतात, गुडघ्यांबद्दल बोलतात. मोरूने सुरीनाम काढलं. दक्षिण अमेरिकेतला सगळ्यात छोटा देश, ज्याच्याशी आमच्या सात पिढ्यांचा संबंध नाही! दुर्दैवाने याला कारणही मीच. भाच्याच्या मुलाच्या मुंजीला मी नागपूरला निघालो होतो आणि तो मला हबीबगंज स्टेशनवर सोडायला आला होता. (स्टेशनला आता नवं नाव आहे, मोरू शेवटपर्यंत हबीबगंजच म्हणत राहिला.) बाकावर एक म्हातारी बाई बसली होती. पँट, बूट, गळ्यात कॅमेरा, आणि तोंडाने विचारते काय, तर "ई गाड़ी साँची जाई का, भइया?" मोरू चमकलाच. "आप बिहार से हैं?" "ना. हम सरनाम के हई. अब हॉलैंड में रहीला." झालं! सरनाम म्हणजे सुरीनाम. माझी गाडी आली, सुटली, मी दारात उभा राहून हाका मारतोय, आणि हा माझा डबा मांडीवर घेऊन त्या बाईशेजारी बसलेला. इटारसीपर्यंत मी उपाशी गेलो.

त्या बाईचे पणजोबा कलकत्त्याहून जहाजात बसून डचांच्या उसाच्या मळ्यावर गेले होते, पाच वर्षांच्या करारावर. तेवढं ऐकून मोरूचं भागलं नाही. त्याने कुठून कुठून पुस्तकं मागवली, डच शब्दकोश आणला, वहिनींच्या शिलाई मशीनवर नकाशे पसरले. त्याचं म्हणणं, नुसत्या आपल्या लोकांचं सांगून भागत नाही. तिथले मूळचे लोक, मग डच, मग आफ्रिकेतून गुलाम करून आणलेले, ती गुलामी संपल्यावर मळ्यांना माणसं हवीत म्हणून आणलेले आपले, मग जावा बेटावरचे... सगळे आले पाहिजेत. आले! लग्नाच्या पंगतीत आले, कुणाच्या बाराव्याला आले. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्याला पंधरा मिनिटं दिली होती. तास उलटला तरी जहाज आफ्रिकेला वळसा घालतच होतं. पोरं भुकेने रडायला लागली, निरांजनं दोनदा विझली. शेवटी अध्यक्षांनी "गणपती बाप्पा" अशी मोठ्याने आरोळी ठोकली आणि मोरूला माइक सोडावा लागला. घरी जाताना मला विचारतो, "लोकांना आवडलं ना रे?"

बरं, इतिहास लिही, कोण नको म्हणतं! पण तो आम्हाला त्यात ओढायचा. त्या लोकांची जहाजी भाऊ म्हणून एक रीत होती. ज्यांनी एका जहाजातून प्रवास केला ते सख्ख्यासारखे, मुलंबाळंही ते नातं पाळत. मोरू चारचौघांत माझ्या खांद्यावर हात टाकून सांगायचा, "हा माझा जहाजी." मी चिडायचो. "अरे, आपण काय मळ्यावर ऊस तोडायला आलो? आपल्याला गाडीभाडं मिळालं, क्वार्टर मिळालं, पेन्शन मिळतंय!" तो म्हणायचा, "ते पाच वर्षांसाठी गेले होते. तू किती वर्षांसाठी आला होतास?" मी तीन वर्षांसाठी आलो होतो. आईला तसं सांगितलं होतं.

आता भांडणाकडे येतो. पुस्तक तयार होत आलं तसा त्याने हट्ट धरला, तपासणाऱ्याची सही झाल्याखेरीज छापायला देणार नाही, आणि तपासणारा मीच. दिवाळीच्या आधी त्याने पहिली सहा प्रकरणं आणून दिली. हाताने लिहिलेली, प्रत्येक पानाच्या खाली तीच चौकट आखलेली. मोरूचं अक्षर सुरेख होतं, पण माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, घरात रंगकाम चाललं होतं आणि सुरीनामचा मला मनापासून कंटाळा आला होता. कारणं कितीही देता येतील. एका दुपारी मी रेडिओ ऐकत बसलो आणि सगळ्या पानांवर सह्या करून टाकल्या.

आठवड्याने तो आला. "कसं झालंय?" मी म्हटलं, "उत्तम. सहाव्या प्रकरणात तर फारच रंगलायस." त्याने सहावं प्रकरण उघडलं आणि मला वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, की कलकत्त्याहून सुटलेलं जहाज वाटेत दोन दिवस भोपाळच्या बड्या तलावात नांगर टाकून थांबलं, तिथे सर्व प्रवाशांना पोहे-जलेबी देण्यात आली, आणि ड्रॉइंग ऑफिसातल्या एका तपासनिसाने जहाजाची पाहणी करून ते समुद्रप्रवासास योग्य असल्याचा दाखला दिला. खाली माझी सही!

मी हसलो. त्याला हसू आलं नाही. त्याने खिशातून अर्धं ब्लेड काढलं. ट्रेसिंग पेपरवरची शाई आम्ही पूर्वी अशीच खरवडायचो. तो एकेक करून माझ्या सह्या खरवडायला बसला. साध्या कागदाला ते कुठलं सोसायला, दोन-तीन पानांना भोकं पडली. मग माझंही डोकं फिरलं. मी म्हटलं, "सुरीनामात मराठी वाचणारा एक नाही आणि मराठीत सुरीनामची पर्वा असलेला एक नाही. कोणासाठी चाललंय हे?" तो पानं गोळा करत म्हणाला, "एकाने वाचलं असतं तरी चाललं असतं मला." आणि गेला. मी त्याला फाटकापर्यंतही सोडायला गेलो नाही.

तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावलं. त्या जन्मापासून भोपाळच्या, त्यांच्या मराठीत हिंदी घरच्यासारखी नांदते. "भावजी, यांची फाइल आहे. तुम्हीच देख लो. पण घरी न्यायची नाही हं, इथेच बसून वाचायची. तुमचा भरोसा नाही." मोरूने घरात काय काय सांगून ठेवलं होतं ते मला तेव्हा कळलं. फाइलच्या वरती एक नवं पान होतं. ऋणनिर्देश. भांडणानंतर लिहिलेलं, कारण खरवडून भोकं पडलेली पानं त्याने पुन्हा लिहून काढली होती आणि हे त्याच शाईत होतं. त्यात सगळ्यात शेवटी दोन वाक्यं: 'या पुस्तकातली ओळ न् ओळ माझे जहाजी शरद यांनी तपासली आहे. तरीही काही चुका राहिल्या असतील, तर त्या त्यांच्या आहेत.'

असा संताप आला म्हणता! जगभरचे लेखक राहिलेल्या चुका आपल्या पदरात घेतात, आणि हा गृहस्थ त्या माझ्या गळ्यात बांधून गेला. धडधडीत खोटं विधान. लाल पेन्सिल मारावी तर ज्याने लिहिलं तो दुरुस्त करायला नाही. तसंच छापू द्यावं तर मी जन्मभर... राहिला किती जन्म ते सोडा, पण मी खोट्या सहीचा धनी. तेव्हा एकच उरलं.

म्हणून गेले पाच आठवडे मी रोज सकाळी बस पकडून त्याच्या घरी जातो. त्याच्या उतरत्या टेबलापुढच्या त्या उंच स्टुलावर बसतो, कंबर मोडते. दिवसाला चार पानं होतात, कधी तीन. आणि पुस्तक चांगलं आहे, हेही सांगून टाकतो. बंदरावरच्या दप्तरात प्रत्येक माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव, उंची आणि अंगावरची खूण लिहून घेत, ते सगळं त्याने इतकं शांतपणे सांगितलंय की मला मधेच चष्मा पुसावा लागला. करार संपल्यावर त्या लोकांना परतीचं जहाज फुकट मिळे, नाहीतर त्याऐवजी तिथेच जमीन. एका बाईने परतीसाठी नाव नोंदवलं, जहाज आलं, आणि ती चढली नाही. का, ते दप्तरात नाही. मोरूने समासात प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. मी ते वहिनींना वाचून दाखवलं. त्या पोळ्या लाटत होत्या. "वर्ध्याचा प्लॉट दहा वर्षं विकला नाही यांनी," त्या म्हणाल्या. "दर उन्हाळ्यात म्हणायचे, अगले साल जाऊ. मी बॅगसुद्धा भरायची. आता कोणाला विचारता?"

परवा नवव्या प्रकरणात मला पहिली खरी चूक सापडली. एक माणूस बाविसाव्या वर्षी जहाजात चढतो आणि पाच वर्षांचा करार पुरा करून पंचविसाव्या वर्षी मोकळा होतो. बावीस आणि पाच! ड्रॉइंग ऑफिसात आयुष्य काढलेल्या माणसाने ही बेरीज करावी? मला इतका आनंद झाला की मी मान मागे वळवून जोरात ओरडलो, "मोरू, लेका, इकडे ये आधी!"

स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज थांबला.

मग लाटणं पुन्हा सुरू झालं. मी लाल पेन्सिल घेतली, पंचवीसचे सत्तावीस केले, आणि पुढच्या ओळीवरून पिवळी फिरवली. अजून साठ पानं आहेत. चौकटी सगळ्या रिकाम्या ठेवल्या आहेत. सही करीन, वाचून झाल्यावर.