राजाच्या तोंडचं वाक्य

आमच्या गावच्या नाटकात माझा एक मित्र विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करायचा. एरवीही कुणी बोलता बोलता थांबलेलं त्याला सोसत नसे. मी "उद्या जरा..." म्हणालो, की "वसईला जाणार," असं पुरवून तो मोकळा. बसला की गुडघा सतत हलायचा.

ऐंशीच्या सुमारास, आम्ही गावात करायचो त्याच जुन्या नाटकावरचा सिनेमा विरारच्या टॉकीजमध्ये लागला. आम्ही सगळी नाटकवाली मंडळी गेलो. पडद्यावर रेशमी कनाती, शेकडो समया, पाण्यात तरंगणारं सिंहासन. नाटकात मुलाचं प्रेत पाहून राजा बोलतो, तिथे दिग्दर्शकाने त्याला गप्पच ठेवला होता. कॅमेरा नुसता समयांवरून फिरत राहिला. माझ्या शेजारचा गुडघा थांबला आणि तो हळूच म्हणाला, "बाळा, ऊठ. दरबार भरलाय."

सगळे खदखदून हसले. "ओ प्रॉम्प्टर, राजा विसरला काय?" मागून कुणी ओरडलं. मीही हसलो. पडद्यावरचा नट वाक्य विसरला असं त्याला वाटलं, हा किस्सा पुढे गावभर मीच रंगवून सांगितला.

ते खोटं होतं. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला होता, "विसरला नाय रे तो. पण पोरगा मेलाय, कुणीतरी बोलायला नको?"

किस्सा पसरल्यावर तो विंगेत बसेनासा झाला. एकदा त्याच्या केळीच्या बागेत जाऊन मी म्हणालो, "तो किस्सा मी..." आणि थांबलो.

त्याने काहीच पुरवलं नाही. हातातली कुदळ टेकवून तो वाट पाहत राहिला. मी तसाच घरी आलो.