इंजिन मोकळं करायला

पप्पा पुण्याला मला भेटायला कधी आले नाहीत. ते गाडीचं इंजिन मोकळं करायला यायचे.

"लय दिवस झाले, गाडी परभणीच्या बाहेर निघाली न्हाई. इंजिन बसतं अशानं," असं म्हणत ते लिफ्टमधून बाहेर पडायचे. मागून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मम्मी यायची. "इंजिनाला शेंगदाण्याचे लाडू लागतात का हो?" ती विचारायची. पप्पा आत येऊन खिडकीपाशी उभे राहायचे आणि खाली गाडी नीट लागली आहे ना ते बघायचे. डिकीतून झरीच्या आमच्या शेतातली ज्वारी निघायची, तूरडाळ निघायची आणि कोपऱ्यावरच्या दुकानात सहज मिळणारी एखादी वस्तूही निघायची. एकदा झाडू निघाला होता. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन ते परत निघायचे.

मीही त्यांना कधी 'या' म्हणाले नाही. आमच्या घरात तसं बोलत नाहीत. फोनवर "जेवलीस का?" असं विचारतात. मी "हो" म्हणते. मग तिकडच्या उन्हाविषयी थोडं बोलणं होतं आणि फोन ठेवला जातो.

ती गाडी पेट्रोलची होती. तिला पंधरा वर्षं होत आली तेव्हा पुन्हा नोंदणी, पर्यावरण कर, गाडीची तपासणी असं सगळं समोर आलं. थंडीत ती चालू केली की मागून निळसर धूर यायचा. पप्पा त्याच वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. आयुष्यभर भूगोल शिकवलेला माणूस, तो धूर त्यांनाही आवडायचा नाही. नवी गाडी घ्यायचं ठरलं आणि कुठली घ्यायची हे मला विचारलं गेलं. घरात इंग्लिश मीडियमला शिकलेली मी एकटीच, त्यामुळे पर्यावरण हा विषय माझ्या वाट्याचा आहे असं सगळ्यांनी धरून चाललेलं होतं.

मला बरं वाटलं. मी समोरासमोर कमी बोलते, पण हा विषय मला येत होता, आणि फोनवर समोरचा चेहरा दिसत नाही. मी इलेक्ट्रिक गाडीची बाजू घेतली. पप्पांच्या मनात हायब्रिड होती.

"हायब्रिड वाईट हाय का?"

"वाईट नाही पप्पा. पेट्रोल कमी लागतं. पण जाळते पेट्रोलच ना."

"आन वीज काय आभाळातून पडती का? कोळसा जाळूनच करतात. परळीच्या चिमण्या रेल्वेतून बघितल्यास की तू."

"मग आपण छतावर सोलर बसवू. परभणीत उन्हाला काय कमी आहे?"

"बरं. बॅटरीचं काय? ती जमीन उकरूनच करतात न? ज्यांची जमीन उकरली त्यांनी काय करावं?"

हा प्रश्न खरा होता आणि मी तो टाळला नाही. बॅटरी तयार करताना बराच धूर आधीच होऊन गेलेला असतो, गाडी चालेल तसा तो हळूहळू भरून निघतो, असं मी सांगितलं. म्हणून गरजेपेक्षा मोठी बॅटरी घेऊ नये. आपली गरज किती? भाजी मंडई, रविवारी विहारातली वंदना, तिथून झरीचं शेत, कधीतरी राणीसावरगावला मामाकडे. एवढ्याला लहान बॅटरीची गाडी पुरते.

"आन लांब जायचं म्हणलं तर?" पप्पांनी विचारलं.

"वर्षातून दोनदा लांब जाण्यासाठी एवढी मोठी बॅटरी रोज कशाला ओढत फिरायची? दोनदा रेल्वेनं जायचं."

मग ते म्हणाले, "बघू." नंतर मम्मीला म्हणाले ते मला फोनमधून ऐकू आलं, "पोरगी लय हुशार झाली."

माझं म्हणणं बरोबर होतं. आजही मला त्यात चूक सापडत नाही. त्या वर्षातल्या दोन लांबच्या फेऱ्या माझ्याकडच्या होत्या, हे मात्र बोलताना माझ्या डोक्यात आलं नाही.

मार्चमध्ये मी घरी गेले तोवर छतावर सोलर बसलेलं होतं. आम्ही तिघं शोरूमला गेलो. सेल्समन मुलगा भराभर सगळं दाखवत होता, मोठा स्क्रीन, मागचा कॅमेरा, आवाज न होता सरकणारी गाडी. पप्पांनी यातलं काही विचारलं नाही. गाडी एकदा चालवून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न केला.

"पुण्याला जाती का?"

"जाते ना काका. मध्ये दोनदा चार्जिंगला थांबायचं."

"आन तिथलं मशीन बंद असलं तर?"

मुलगा हसला. "तर मग चहा प्यायचा काका, आणि दुसरं शोधायचं."

पप्पाही हसले, पण उशिरा. मी गाडीच्या दाराला हात लावून उभी होते. मला तेव्हा बोलायला हवं होतं, असं काहीतरी की मोठी बॅटरी बघा, नाहीतर तुमची ती हायब्रिडच घ्या. पण इतक्या मुद्द्यांनंतर त्यामागचं कारण काय सांगणार होते मी? पर्यावरणाचं एकही कारण त्या बाजूला उरलं नव्हतं.

बाहेर पडल्यावर आम्ही उसाच्या रसाला थांबलो. पप्पा ग्लास आणायला पुढे गेले तेव्हा मम्मी म्हणाली, "त्यांना ती पेट्रोलवरची दुसरी पाहिजे होती. न थांबता तुझ्या दारात जाती म्हणून."

"मग बोलले का नाहीत?"

"तू तरी कवा बोलतीस?"

पप्पा रस घेऊन आले. लहान बॅटरीचीच गाडी घेतली. शोरूमवाल्यांनी नारळ दिला, मम्मीनं तो पिशवीत टाकला आणि संध्याकाळी त्याची चटणी केली. गाडी आधी विहारापाशी नेली, मग झरीला. शेताच्या कडेनं जाताना पप्पांनी काच खाली केली. हरभऱ्याच्या काढणीचं मशीन लांब कुठेतरी चालू होतं, ते ऐकू आलं. शेजारच्या बांधावरचं कोणीतरी काय बोलतंय तेही ऐकू आलं.

"आवाजच न्हाई," पप्पा म्हणाले. ते खरंच खूश होते. मीही होते. त्या उन्हात मागे धूर न सोडता आम्ही जात होतो आणि ती वीज आमच्याच छतावरची होती.

मग मी पुण्याला परतले. पावसाळा गेला, दिवाळीला मीच घरी जाऊन आले, हिवाळाही सरला. पप्पा आले नाहीत. रेल्वेचा विषय मी एकदा काढला, तर मम्मीचे गुडघे, स्टेशनचे जिने, ज्वारी कशी आणायची, असं होऊन तो राहिला. फोनवर ते गाडीची खबर द्यायचे. गाडी लय शांत हाय, सर्व्हिसिंगला काही काढावं लागलं न्हाई. एकदा म्हणाले, "इंजिनच न्हाई म्हणल्यावर काय मोकळं करायचं?" आणि हसले. मीही हसले. फोन ठेवल्यावर बराच वेळ मी खिडकीत उभी राहिले. खाली कोणाकोणाच्या गाड्या येत होत्या.

पुढच्या रविवारी दुपारी मी फोन केला. काय बोलायचं ते मनात चारदा म्हणून बघितलं होतं.

"पप्पा, तुम्ही कधी येताय?"

"कशाला?"

"असंच."

"काय झालं? तब्येत बरी हाय न?"

"बरी आहे. तुम्ही आला नाहीत, म्हणून."

मला वाटलं आता फोन मम्मीकडे जाणार. पण ते हळू आवाजात म्हणाले, "बीडमधी चार्जिंग हाय. नगरलाबी हाय. मी विचारून ठेवलंय. पण तुझ्या बिल्डिंगमधी काय हाय का? सकाळी परत निघायचं तर रात्री कुटं लावावी?"

म्हणजे ते विचारत होते. कधीपासून, ते मी विचारलं नाही.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींशी मी तोवर एकदाही बोलले नव्हते. लिफ्टमध्ये ते असले की मी जिन्यानं जायची. त्या संध्याकाळी मी त्यांची बेल वाजवली.

"भाडेकरू ना तुम्ही? तिसरा मजला?" ते म्हणाले. "तुमची गाडी कुठली?"

"माझी नाही. वडिलांची. परभणीहून येणार आहेत."

"राहायला?"

"नाही. मला भेटायला."

हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारत होते, आणि तेही एका अनोळखी माणसापुढे. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. पंपाच्या खोलीबाहेर पंधरा अँपिअरचं सॉकेट आहे, एका रात्रीपुरतं वापरा, विजेचं काय होईल ते वॉचमनकडे द्या, म्हणाले. "कधी येणारेत तेवढं आधी सांगा."

मी पप्पांना तसं कळवलं. "ऊन जरा उतरू दे, मग बघू," ते म्हणाले. मागून मम्मीचा आवाज आला, "बघू काय बघू? डाळ कवाची निवडून ठेवलीय."

ऊन अजून उतरलेलं नाही. परभणीचं तर नाहीच. रविवारी सकाळी मी खाली जाते आणि पंपाच्या खोलीबाहेरची ती जागा बघते. तिथे बहुतेक कोणाची तरी स्कूटर आडवी लावलेली असते. आजूबाजूला कोणी नसलं की मी ती थोडी बाजूला सरकवून ठेवते.