परत मागितलेलं कुंकू

पलूसच्या मनुबाई तीस वर्षं घरी कुंकू करतात. हळद, लिंबाचा रस, टाकणखार; बाकी सगळं उन्हाचं आणि हाताचं काम. गल्लीतल्या बायका तेच लावतात. गेल्या वर्षी बचत गटानं ते शहरात विकायचं ठरवलं. विकायचं तर परवाना, आणि परवान्याआधी तपासणी. मनुबाईंनी सांगलीच्या एका प्रयोगशाळेत नमुना दिला आणि त्या विसरूनही गेल्या.

नमुन्यात शिसं निघालं. मर्यादेच्या तीसपट.

प्रयोगशाळेतली संयोगिता फोनवर म्हणाली, "मावशी, घरात कुणी गरोदर असेल तर हे लावणं आजच थांबवा. बाळाला बाधतं."

सून रेश्मा पाचव्या महिन्यात होती. लग्नापासून तिच्या कपाळावर हेच कुंकू. मनुबाईंना 'पूस' म्हणता येईना. त्यांनी ओलं फडकं नुसतं तिच्या हातात दिलं.

मग त्या घरोघर गेल्या. कुंकू देतात, परत कुणी मागत नाही. सवाष्णीला तर 'पुसा' म्हणायचीच सोय नाही. "थोडं दिस हळद लावा," एवढंच त्या म्हणत आणि हात पुढे करत.

शेजारची राणी हसली. "काकी, दिल्यालं कुंकू माघारी मागताय? माझा दादला चांगला धडधाकट हाय की!"

"त्याला न्हाई गं, तुला जपतीया."

सतरा डब्या परत आल्या. शिशाला वास नसतो. तीस वर्षं आपण काय वाटलं, ते हातांनाही ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्या नवऱ्याला, नाथाजींना घेऊन सांगलीला गेल्या. नाथाजी फौजेतून निवृत्त झालेले, बोलणं कमी. संयोगितानं उरलेला नमुना मनुबाईंच्याच डबीसकट समोर ठेवला. हळद कुठली, टाकणखार कुठला, सगळं विचारून झालं. मग तिनं झाकण उलटं केलं. खाचेत केशरी रेघ होती.

"कुंकू लाल आहे. हे केशरी काय?"

नाथाजी वाकले. बघितलं. हळूच म्हणाले, "ही मारुतीची डबी."

"कसली?"

"शेंदराची. शनवारी न्हेतो ती. लय हुडकली मी."

"आवं, मग सैपाकघरात कशाला ठिवली? घट्ट झाकणाची डबी पायजे म्हनून मी घासून घेतली!"

"शेंदरात शिसंच असतं, काका," संयोगिता म्हणाली. "पण तपासल्याशिवाय मी काही म्हणणार नाही." तिनं स्वतःची बाटली दिली, त्यात घरातलं कुंकू भरून आणायला सांगितलं. रेश्माचं रक्तही तपासून घ्या म्हणाली.

पुढचे आठ दिवस मनुबाई घास मोजून जेवल्या. लेकाला, रेश्माच्या नवऱ्याला काय सांगायचं, याचीच वाक्यं जुळवत राहिल्या. एकही पुरं झालं नाही.

दोन्ही अहवाल एकाच दुपारी मिळाले. कुंकू शुद्ध. रेश्माच्या रक्तात काही नाही. संयोगितानं कागद दोनदा वाचून दाखवला, मनुबाईंनी तिसऱ्यांदा वाचायला लावला.

सांगली स्टँडवर त्यांनी भडंगाचा पुडा घेतला आणि एसटीत बसताच फोडला. मूठ भरत, तिखटानं तोंड भाजत, त्या नवऱ्याला बोलू लागल्या. "फौजेत असंच ठिवत हुतासा व्हय सामान? बंदुकीच्या गोळ्या डाळीच्या डब्यात?"

"व्हय."

"आन् मारुतीला शेंदूर आता हातानं न्हाई, कुंच्यानं लावायचा."

"व्हय."

पलूस येईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. नाथाजी प्रत्येक शिवीला 'व्हय' म्हणत होते, आणि मधूनच पुड्यात हात घालत होते.