आखाजीला गाव बायकांनी भरतं

मी घर सोडलं त्या सकाळी शेतात कापूस वेचायला बायका आल्या होत्या आणि नाना ते सगळं टाकून जामनेरच्या स्टँडवर आले होते. माझी पत्र्याची पेटी त्यांनी स्वतः एसटीच्या टपावर चढवली, दोरीने करकचून बांधली आणि खाली उतरून हात झटकले. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलतील. ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "सहा महिने. जमलं नाही तर गुपचूप घरी." एवढंच. मायने उंबऱ्यातच निरोप दिला होता, "जपीसन राहजो." आणि मंदे, तू दहावीतली दीडशहाणी, गल्लीभर सांगत होतीस की आमची ताई धुळ्याला मडमा आणायला चालली.

मडमांचं तसं खोटं नव्हतं. धुळ्यात देवपूर भागातल्या माझ्या संस्थेला पैसा परदेशातून यायचा. गावोगाव हातपंपाच्या हापश्या बसवायच्या, बायकांची मंडळं काढायची आणि त्या बायकांनाच हापश्या दुरुस्त करायला शिकवायचं, असं ते काम. बी.ए. झालेली मुलगी आलेली स्थळं परत पाठवून 'स्वयंसेविका' व्हायला जाते, हे आपल्या भावकीला काही पचलं नव्हतं. कुणी म्हणे मिशनवाल्यांनी नादी लावली, कुणी म्हणे तिकडे कुणीतरी असणार. नानांनी बाप म्हणून दोन्हीही ऐकून घेतलं. मी परत आले असते तर लोकांनी त्यांना आयुष्यभर टोचून खाल्लं असतं, आणि मला महिनाभरात कुणाच्या तरी गळ्यात बांधलं असतं. हे मला खिडकीतल्या सीटवर बसल्या बसल्या कळत होतं, म्हणून मी रडले नाही. मागे राहणाऱ्यांना वाटतं, जाणारी आनंदात जाते. तसं नसतं.

देवपुरात मी एका मास्तरांच्या घरामागची खोली घेतली. घरी केळीच्या बागेत पाणी खळखळत असायचं आणि इथे पांझरा नदीच्या वाळूकडे बघत मी दोन घागरींत दिवस काढायला शिकले. बोलण्यात नवे शब्द आले. प्रोजेक्ट, फेज, फॉलोअप, लाभार्थी. पहिल्यांदा 'लाभार्थी' म्हटलं तेव्हा माझं मलाच हसू आलं, पुढे पुढे बायकांना बाया म्हणायचंच विसरले. आमचे सर पुण्याचे. माणूस वाईट नव्हता, कामाला वाघ, पण त्यांचं सगळं कागदावर. ते म्हणायचे, "तुम्ही लोकल आहात, तुमच्यासारखं गाव आम्हाला कळणार नाही." मी फुगायचे.

माझ्या वाट्याला साक्री रस्त्यावरून आत असलेलं एक गाव आलं होतं, वडपाडं. तिथे मला धरून ठेवलं ते बायजा अक्कांनी. साठीची बाई, तोंडाने फटकळ, पण दुपारी मला जेवल्याशिवाय सोडायची नाही. तिची सून तुळसा आमच्या मंडळाची अध्यक्ष. हापशीचं डोकं उघडून, साखळी काढून, दांडे वर ओढून आतली झिजलेली वायसर, म्हणजे वॉशर, बदलायचं काम तुळसा आणि तिच्याबरोबरच्या आठ जणी तासाभरात करायच्या. पुरुष लांब बसून बिड्या ओढत बघायचे आणि पाना हातातून निसटला की हसायचे. फाल्गुनापर्यंत त्यांचं हसणं बंद झालं होतं.

त्याच सुमारास सरांनी सांगितलं की पैसा देणारे लोक काम बघायला येणार आहेत. त्यांना पसंत पडलं तर फेज टू, म्हणजे वरच्या वस्तीला विहीर आणि आम्हा तिघी स्वयंसेविकांच्या नेमणुका कायम. नाही पडलं तर वैशाखात सगळं बंद. म्हणजे माझे सहा महिने आणि त्यांचा दौरा एकाच वेळी संपणार होते. सरांनी मला विचारलं, "गावात जास्तीत जास्त बायका कधी असतील?"

मी क्षणाचाही विचार केला नाही. म्हटलं, "आखाजीला, सर, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आखाजीला गाव बायकांनी भरतं."

सरांनी तारीख कळवून टाकली. मी गावात जाऊन तीच तारीख सांगितली. तारीख, तिथी नाही. ऑफिसात बसून मला तशीच सवय लागली होती. बायकांनी माना डोलावल्या. शेतात राबणाऱ्या बाईला इंग्रजी महिन्यातली तारीख कशाला लक्षात राहते?

आदल्या दिवशी सकाळी मी वडपाड्याला पोहोचले तर पाराजवळ गाड्या जुंपलेल्या. तुळसा नवी साडी नेसून, लेकराला कडेवर घेऊन गाडीत बसलेली, तिचा भाऊ कासरा धरून उभा. मला बघून ती हसली आणि म्हणाली, "ताई, चार दिवसमा येस." गाडी गेलीसुद्धा. मागोमाग दुसरी गेली. मी बायजा अक्कांच्या ओट्यावर धावत गेले आणि विचारलं, या सगळ्या निघाल्या कुठे? अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. "आखाजीले सुना गावमा ऱ्हातीस का, बाई? बठ्ठ्या माहेर जातीस. तू कोनता गावनी शे?"

मी कुठल्या गावची, तर जिथे आखाजीला निंबाला झोके बांधतात, आत्या येतात, चुलतबहिणी येतात, घराघरात लेकी मावत नाहीत, त्या गावची. मी आयुष्यभर आखाजी लेकीच्या बाजूने बघितली होती. आमच्या वहिनी, काकू त्या दिवशी घरात नसतात, हे मी कधी पाहिलंच नव्हतं, कारण त्या नसल्या की आम्हाला झोक्यावर जास्त वेळ बसायला मिळायचं. गाव बायकांनी भरतं हे खरं. पण त्या वेगळ्या बायका. आणि आमच्या मंडळातली एकूणएक बाई सून होती.

धुळ्याला फोन लावायला फाट्यावर गेले. सरांना सगळं सांगितलं. पाहुणे धुळ्यात उतरलेले, परवा त्यांचं मुंबईहून विमान. मग ते म्हणाले, "लेकी आल्या आहेत ना? त्यांना बसवा. सुनांची नावं त्यांना द्या. दोन तासांत पाना धरायला शिकवा. पाहुण्यांना काय कळणार कोण कुणाची कोण." मी म्हटलं, "सर, हे खोटं होईल." ते म्हणाले, "चूक कुणाची आहे?"

मी शिकवलं. लाज वाटते सांगायला, पण शिकवलं. अक्कांची लेक लता त्याच दुपारी सासरहून आली होती, हातावर ताजी मेंदी. तिला म्हटलं, उद्या तू तुळसा. ती खोखो हसली, "मी वहिनी व्हयनी? मंग तिनी नथ बी आना." बाकीच्या पोरींनाही गंमत वाटली. आपापल्या भावजयांच्या नकला करत त्यांनी पाने फिरवले. एकीला नट सैल करायचा की आवळायचा तेच कळेना. अक्का लांबून बघत होत्या आणि त्या दिवशी मला जेवायलाही म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता जीप आली. उन्हाने तेव्हाच डोळे दिपत होते. पाहुणी एक उंच, पन्नाशीची बाई, बरोबर तिचा एक सहकारी. पोरी ओळीने बसल्या. सरांनी रजिस्टर वाचलं, पोरींनी भावजयांच्या नावाला हात वर केले. माझ्या मनात एकच चाललं होतं, हा एक तास निघू दे देवा, मग मी पुन्हा असं करणार नाही. पाहुणीने वहीत काहीतरी लिहिलं आणि लताला विचारलं, "हापशी आल्यापासून तुझ्या आयुष्यात काय बदललं?" सरांनी प्रश्न मराठीत सांगितला. पाठ करून घेतलेलं उत्तर होतं, वेळ वाचतो, पोरं शाळेत जातात.

लता बोलायला उठली आणि तिची नजर हापशीवर गेली. तिथे कुणाची तरी घागर भरून वाहत होती. लता म्हणाली, "हापशी उनी आनि मी सासरले गऊ. माले कोठे सुख? मी आजबी नदीमा झिरा कोरस." वाळूत खड्डा करून वाटी वाटीने पाणी भरायचं, त्याला झिरा म्हणतात. लहानपणी ती इथल्या नदीत ते करायची, हापशी आली तोवर लग्न होऊन गेली, आता सासरच्या नदीत. ती बोलत असताना मागच्या पोरींच्या माना खाली गेल्या. नकला संपल्या होत्या.

सरांनी इंग्रजीत सांगितलं, ती म्हणते, आता तिला फार सुख आहे.

पाहुणीने लताच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग सरांकडे, मग थेट माझ्याकडे वळून विचारलं, "ती खरंच असं म्हणाली?" एवढं इंग्रजी मला येत होतं. सर माझ्याकडे बघत होते. हो म्हटलं की विहीर, नेमणूक, देवपूरची खोली. नाही म्हटलं की जामनेरची एसटी, आणि स्टँडवर नाना. मला शौर्य वगैरे काही सुचलं नव्हतं. लता मान खाली घालून उभी होती आणि तिचं बोलणं मी गिळून टाकलं असतं तर मला त्या गावात पुन्हा तोंड दाखवता आलं नसतं, एवढंच. मी म्हटलं, "नाही." आणि मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. आखाजी काय असते, सुना कुठे गेल्या, या कोण, तारीख कुणी काढली. चूक माझी, हेही सांगितलं.

त्या बाईने वही मिटली. मग तिने विचारलं, "आज सगळ्या मुली आपल्या घरी जातात ना? मग तू का गेली नाहीस?"

मी मराठीत म्हटलं, "मला न्यायला कुणी आलं नाही." ते सरांनी भाषांतर करून सांगितलं नाही.

परतताना देवपुरात मला जीपमधून उतरवताना सर म्हणाले, "सामान आवरून ठेवा." मी पेटी भरली आणि पावणेदोन महिने तशीच भरलेली ठेवली. नेसायची साडी वरून काढायची, धुऊन वाळली की वरच ठेवायची. पोस्टमनची सायकल वाजली की मी दारात जाऊन उभी राहायचे. सहा महिने उलटून गेले होते आणि घरी मी पत्रात एक अक्षर कळवलं नव्हतं. ज्येष्ठ सरता सरता ऑफिसात पत्र आलं. फेज टू मंजूर. अट एकच, लग्नाआधी लेकींनाही हापशीचं काम शिकवायचं, म्हणजे ते त्यांच्याबरोबर सासरी जाईल, आणि ते काम मी करायचं. सरांनी पत्र माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "राहा." मी राहिले. लताच्या सासरच्या गावातही दोन वर्षांनी हापशी गेली, तिची पहिली वायसर लतानेच बदलली.

मी जिंकले, मंदे, आणि त्या जिंकण्यातच कुठेतरी घर हातचं गेलं. दिवाळीला यायचे, पाहुणीसारखी दोन दिवस. आखाजीला कधीच नाही. तुझं एरंडोलला लग्न झालं आणि दरवर्षी आपला भाऊ मुराळी म्हणून तुला आणायला जायचा, मायने बांधून दिलेली शिदोरी घेऊन. तू मला पत्रात लिहायचीस, भाऊ आला, गाडीत असं झालं, तसं झालं. मी ते पत्र वाचून घडी करून ठेवायचे आणि मनात म्हणायचे, जामनेरहून एरंडोलला जाता येतं, धुळ्याला येता येत नाही. नानांचा राग अजून गेला नाही असंच मी धरून चालले होते. एकदा तरी कुणी यावं, दारात उभं राहून म्हणावं, चल, आणायला आलोय. आमच्या मंडळाच्या बायका आखाजीला निघाल्या की मी ऑफिसचं काम काढून बसायचे. दहा आखाज्या अशा काढल्या मी.

नाना गेले त्याच्या चौदाव्या दिवशी पाहुणे पांगले होते. माय चुलीपुढे बसली होती, तू भांडी घासत होतीस. मी मायला विचारून टाकलं, की आखाजीला मला न्यायला एकदाही कुणी का आलं नाही. मला वाटलं ती रडेल. ती चिडली.

"दिल्या पोरीले मुराळी धाडता, बाई. तुले आमी कोठी दिली होती?" आणि मग जरा वेळाने, हातातलं लाकूड चुलीत सारत, "नाना दर आखाजीले तुह्या वाट्याचे मांडे ठेवाले लावे. म्हने, तिचंच घर आहे, तिले बलावाले कायले लागते?"

तुला आठवत असेल, मी मागच्या दारी जाऊन रडले आणि सगळ्यांना वाटलं, आता हिला बाप गेल्याचं समजलं. तसंच होतं ते. लेकीची आणि सुनेची आखाजी वेगळी, हे मी वडपाड्यात भर उन्हात शिकले होते, आणि तरी स्वतःला कुणाच्यात मोजायचं ते मला दहा वर्षं कळलं नाही. आता मी दरवर्षी जाते, कुणाला न कळवता. माय मांडे पुढे ठेवते आणि एकच विचारते, यंदा किती दिवस आहेस. नाना असते तर त्यांनी तेही विचारलं नसतं.